आकार जुळला, बोलणी फिसकटली

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात, अभ्यासक्रमांची तर होतातच. मानकांचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. मानक म्हणजे अभियंत्यांनी आपापसांत ठरवलेले कोरडे प्रकरण, त्याच्याशी आपला काय संबंध, असे आपण धरून चालतो. खरे पाहता एखादी गाजलेली कादंबरी न वाचता आयुष्य काढता येते. विजेच्या प्लगचे मानक न वापरता एक दिवस काढणे कठीण. जी गोष्ट इतक्या लोकांच्या हाती रोज येते, ती चांगली की वाईट हे बोलण्याचा हक्क वापरणाऱ्यांनाही आहे. म्हणून या लेखात आम्ही एका मानकाचे परीक्षण करायला घेतले आहे. ते म्हणजे यूएसबी-सी ही जोडणी, आणि तिच्यातून चित्र पाठवण्यासाठी केलेली सोय.

याला निमित्त आहे शाळांमधून वारंवार ऐकू येणाऱ्या एका तक्रारीचे. शाळेत नवा लॅपटॉप किंवा टॅब्लेट येतो. प्रोजेक्टर आधीपासून असतो. दोहोंना जोडायला बाजारातून एक ॲडाप्टर आणला जातो. त्याचे एक टोक यूएसबी-सी, दुसरे एचडीएमआय. सगळे खटकन जागच्या जागी बसते, लॅपटॉप चार्जही होऊ लागतो, पण पडद्यावर चित्र काही येत नाही. मग निष्कर्ष निघतात: दुकानदाराने फसवले, प्रोजेक्टर जुना झाला, किंवा ‘बाईंना हे जमत नाही’. तिसरा निष्कर्ष सगळ्यांत सोपा, म्हणून तोच जास्त चालतो. आमचे म्हणणे असे, की अशा वेळी दोष पुष्कळदा दुकानदाराचाही नसतो, प्रोजेक्टरचाही नसतो आणि बाईंचा तर नसतोच. दोन यंत्रांमध्ये एक बोलणी झालेली असते, ती फिसकटलेली असते, आणि हे कोणी कोणाला सांगितलेले नसते.

आकाराचा नकार

आपल्या घरातल्या तीन पिनांच्या प्लगकडे पाहू. मिक्सरचा प्लग लहान, गीझरचा मोठा. गीझरचा प्लग मिक्सरच्या सॉकेटमध्ये घालू म्हटले तर तो जातच नाही. कारण त्या लहान सॉकेटमागच्या तारा एवढी विद्युतधारा वाहून नेण्यासाठी घातलेल्या नसतात. येथे आकारच सांगतो, ‘हे जमणार नाही’. हा नकार डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो, निरक्षर माणसालाही समजतो.

संगणकाच्या मागच्या बाजूलाही पूर्वी हीच व्यवस्था होती. पडद्यासाठी पंधरा पिनांची निळी जोडणी, छपाईयंत्रासाठी पंचवीस पिनांची लांबट, माउससाठी गोल हिरवी, कीबोर्डसाठी गोल जांभळी. अडगळ पुष्कळ होती, पण गोंधळ कमी होता. जे बसेल ते बहुधा चाले.

ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी-सीचे मानक प्रसिद्ध झाले आणि ही अडगळ दूर करण्याचे आश्वासन मिळाले. एकच लहानशी लंबगोल जोडणी, उलटी-सुलटी कशीही घाला, तिच्यातून वीज जाईल, माहिती जाईल, चित्रही जाईल. कल्पना खरोखर सुंदर होती. पण ‘नाही’ म्हणण्याचे जे काम आजवर आकार करत होता, ते आता कोणी करायचे? आकार तर सर्वांना ‘या’ म्हणतो. तेव्हा नकार देण्याचे काम संभाषणाकडे गेले. जोडणी बसल्यावर दोन्ही बाजूंच्या चिप आपापसांत बोलतात आणि काय जमेल, काय जमणार नाही हे ठरवतात. हे संभाषण कसे चालते हे पाहिल्याखेरीज त्याचे परीक्षण करता येणार नाही.

चोवीस पिना आणि एक बोलकी तार

यूएसबी-सीच्या खाचेत चोवीस पिना असतात. चार विजेच्या, चार भूमीच्या, चार जुन्या यूएसबी २.० च्या, आठ वेगवान माहितीच्या, दोन किरकोळ कामाच्या आणि दोन संभाषणाच्या. वेगवान आठ पिनांच्या चार जोड्या होतात. त्यांना आपण मार्गिका म्हणू. संभाषणाच्या दोन पिनांपैकी केबलमधून मात्र एकाचीच तार जाते. ती कोणत्या पिनेला लागली यावरून प्लग सुलटा आहे की उलटा हे यंत्राला कळते.

या संभाषणाची पहिली पायरी इतकी साधी आहे की ती वर्गात फळ्यावर मांडता येईल. वीज घेणाऱ्या यंत्रात संभाषणाच्या प्रत्येक पिनेपासून भूमीपर्यंत ५.१ किलोओहमचा रोध असतो. वीज देणाऱ्याकडे त्याच पिनेपासून ५ व्होल्टपर्यंत दुसरा रोध असतो. केबल जोडली की दोन्ही रोध एकसरीत येतात आणि मधल्या बिंदूवर काही विभवांतर तयार होते. देणाऱ्याचा रोध ५६ किलोओहम असेल तर ते सुमारे ०.४२ व्होल्ट, २२ असेल तर ०.९४ व्होल्ट, १० असेल तर १.६९ व्होल्ट येते. घेणारे यंत्र ते मोजते आणि समजते: पहिल्या वेळी साधी यूएसबीएवढीच धारा मिळेल, दुसऱ्या वेळी १.५ अँपिअर, तिसऱ्या वेळी ३ अँपिअर. दोन रोधांनी झालेले हे संभाषण आहे. आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावेत. ओहमचा नियम पुरतो.

येथे मानकाचे मनापासून कौतुक करायला हवे. जुन्या चौकोनी यूएसबी खाचेत ५ व्होल्ट कायम हजर असत. यूएसबी-सीच्या खाचेत समोर ५.१ किलोओहम दिसल्याखेरीज वीज येतच नाही. लहान मुलाने खाचेत तार घातली तरी तेथे वीज वाट पाहत बसलेली नसते. आधी ओळख, मग देवाणघेवाण, हे तत्त्व या मानकात शेवटपर्यंत पाळलेले आहे.

विजेचा करार

५ व्होल्टपेक्षा अधिक हवे असेल तर खरीखुरी बोलणी सुरू होते. त्याच एका तारेवरून सेकंदाला सुमारे ३ लाख बिटांच्या गतीने निरोप जातात. देणारा आपल्याजवळचे पर्याय सांगतो, जसे ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५ व्होल्ट, २० व्होल्ट. घेणारा त्यांतला एक मागतो. देणारा ‘मान्य’ म्हणतो, दाब बदलतो, आणि मग ‘तयार आहे’ असे कळवतो. प्रत्येक निरोपाला पोच द्यावी लागते, ठरावीक काळात उत्तर न आल्यास बोलणी पुन्हा पहिल्यापासून. २०२१ पर्यंत या करारातून जास्तीत जास्त १०० वॅट मिळत. त्या वर्षी आलेल्या सुधारणेने ही मर्यादा ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटवर गेली. ३ अँपिअरच्या वर जायचे असेल तर केबलच्या टोकात बसवलेल्या चिपलाही ‘तुला झेपेल का?’ असे विचारले जाते. केबललाही मत आहे, ही गोष्ट आम्हांला फार आवडते.

चित्राची बोलणी

विजेचा करार झाल्यावरच चित्राचा विषय निघतो. मूळ दस्तऐवज याला ऑल्टरनेट मोड म्हणतात. आपण ‘पर्यायी रीत’ म्हणू. रीत पर्यायी अशासाठी, की यूएसबीसाठी असलेल्या वेगवान मार्गिका काही काळ यूएसबीचे काम सोडून दुसऱ्याच कामाला दिल्या जातात. चित्रासाठी सर्वांत प्रचलित रीत डिस्प्लेपोर्टची आहे. ती सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झाली.

बोलण्याचा क्रम साधारण असा. यजमान यंत्र, म्हणजे आपला लॅपटॉप, विचारतो: तू कोण? पाहुणा, म्हणजे ॲडाप्टर किंवा पडदा, ओळख देतो. मग प्रश्न येतो: तुला कोणकोणत्या रीती येतात? पाहुणा आपल्या रीतींचे क्रमांक सांगतो. डिस्प्लेपोर्टचा क्रमांक एफएफ०१. त्या रीतीतले कोणते प्रकार जमतात? तेही सांगितले जाते. मग यजमान म्हणतो: चल, त्या रीतीत शिरू. त्यानंतर पडदा खरोखर जोडलेला आहे का याची चौकशी होते, आणि शेवटी मार्गिकांची वाटणी ठरते. सगळे जुळले की दोन्हीकडच्या चिप आपापल्या वेगवान तारांचे सांधे बदलतात, आणि चित्र दिसते.

वाटणीचा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. चारही मार्गिका चित्राला द्यायच्या, की दोन चित्राला आणि दोन यूएसबीच्या वेगवान माहितीला ठेवायच्या? हिशेब करून पाहू. ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार ११.९४ अब्ज बिट येतो. डिस्प्लेपोर्टच्या ५.४ अब्ज बिटांच्या मार्गिकेतून उपयोगी माहिती ४.३२ अब्ज बिट जाते, बाकी सांकेतिकरणात खर्ची पडते. दोन मार्गिकांतून ८.६४, चारांतून १७.२८. म्हणजे दोन मार्गिकांवर हा पडदा ६० च्या गतीने चालणार नाही, ३० च्या गतीने चालेल. त्यामुळेच अनेक बहुजोड हबांवर मोठा पडदा सेकंदाला ३० चित्रांवरच अडकतो, आणि माउसचा बाण झटके खात फिरतो. पडदा बिघडलेला नसतो. दोन मार्गिका पेन ड्राइव्हसाठी राखून ठेवलेल्या असतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या प्रोजेक्टरला मात्र ही अडचण येत नाही. त्याचा हिशेब ३ अब्ज बिटांच्याही आत येतो आणि एका मार्गिकेतही मावतो.

ही वाटणी कोण ठरवते? वापरणारा नव्हे. ती नियंत्रक चिपमध्ये कारखान्यात भरलेल्या एका तक्त्यावर अवलंबून असते. कोणते दाब देऊ करायचे, कोणते मागायचे, कोणत्या रीती येतात असे सांगायचे, मार्गिकांची कोणती वाटणी पसंत आहे, भूमिका बदलायला हो म्हणायचे की नाही, हे सगळे त्या तक्त्यात असते. आणि यातली ‘भूमिका बदलणे’ ही नोंद सर्वांत फसवी आहे.

भूमिका बदलण्याचा प्रसंग

आपला लॅपटॉप ज्या पडद्याला जोडतो तोच पडदा लॅपटॉपला वीजही देतो, असे समजा. मानकाचा नियम असा, की सुरुवातीला जो वीज देतो तोच माहितीच्या व्यवहारातही यजमान धरला जातो. म्हणजे पडदा यजमान झाला आणि लॅपटॉप पाहुणा. पण चित्राची बोलणी सुरू करायची ती यजमानाने, आणि चित्र तर लॅपटॉपकडे आहे! म्हणून विजेचा करार झाला की दोघांनी माहितीपुरत्या भूमिका बदलायच्या असतात. वीज पडद्याकडूनच येत राहते, यजमानपण लॅपटॉपकडे येते.

आता एका बाजूच्या तक्त्यात ‘भूमिका बदलण्यास नकार’ अशी नोंद राहिली आहे असे धरा. दोघेही नियमाने वागतात. वीज मिळते, कारण तो करार आधीच झालेला आहे. चित्र येत नाही, कारण चित्राचा विषय काढणाराच कोणी नाही. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली तक्रार, म्हणजे चार्ज होते पण चित्र नाही, ती इथे तंतोतंत बसते. असे होण्याची इतर कारणेही आहेत: लॅपटॉपच्या त्या खाचेत चित्राची सोयच नसणे, किंवा केबल केवळ चार्जिंगची असणे. बाहेरून तिन्ही अगदी सारखी दिसतात.

तक्ता आणि मांडणी चुकली की काय होते याचे एक गाजलेले उदाहरण शाळांमध्येही वापरल्या जाणाऱ्या एका संगणकाचे आहे. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकात संभाषणाच्या दोन पिनांना स्वतंत्र रोध देण्याऐवजी दोघांना मिळून एकच ५.१ किलोओहमचा रोध दिलेला होता. साध्या केबलने तो चाले. चिप असलेल्या महाग केबलने मात्र सुरूच होत नसे. कारण त्या केबलमध्ये स्वतःचा सुमारे १ किलोओहमचा रोध असतो. दोन्ही पिना एकत्र असल्यामुळे तो ५.१ किलोओहमला समांतर आला. समांतर जोडणीचे सूत्र लावले तर उत्तर सुमारे ०.८४ किलोओहम येते. चार्जरने ते मोजले आणि समोर हेडफोनचा ॲडाप्टर आहे असे समजून वीज दिलीच नाही. चार्जर बरोबर वागला, केबल बरोबर होती, वापरणारा बरोबर होता. निर्मात्यांनी चूक मान्य करून पुढच्या आवृत्तीत ती सुधारली, हे नोंदवायला हवे. पण तोवर किती जणांनी चांगली केबल ‘खराब’ म्हणून टाकून दिली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

याहून वाईट म्हणजे खोटे बोलणारी केबल. २०१५-१६ च्या सुमारास बाजारात आलेल्या चौकोनी यूएसबी ते यूएसबी-सी अशा अनेक केबलींत ५६ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रोध निघाला. जुन्या खाचेतून जेमतेम अर्धा-पाऊण अँपिअर देता येत असताना केबल फोनला सांगे, ‘३ अँपिअर घे’. मार्च २०१६ मध्ये ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या अशा केबली विकण्यास मनाई केली. संभाषणावर चालणाऱ्या व्यवस्थेत खोटे बोलणे किती स्वस्त असते, हे यातून दिसले. एका रोधाची किंमत ती काय!

नकार कोणी सांगायचा?

येथवर वाचून कोणाला वाटेल, की आमचा आक्षेप या मानकाच्या गुंतागुंतीवर आहे. तसे नाही. गुंतागुंत अपरिहार्य आहे. पर्यायी रीत ऐच्छिक ठेवली यावरही आमचा आक्षेप नाही. प्रत्येक स्वस्त फोनमध्ये चित्राची सोय सक्तीची केली असती, तर तो स्वस्त राहिला नसता. ऐच्छिकतेमुळेच ही जोडणी पाच हजारांच्या फोनपासून लाखाच्या लॅपटॉपपर्यंत पोचली. आमचा आक्षेप एकच आहे. यंत्रांनी एकमेकांना नकार कसा द्यावा याचे नियम या मानकात फार काळजीने लिहिले आहेत. माणसाला तो नकार कसा कळवावा याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

‘पुरेसे’ म्हणतो, कारण एक प्रयत्न आहे. मानकाप्रमाणे, ज्या ॲडाप्टरला पर्यायी रीत येते पण एका सेकंदात ती जुळली नाही, त्याने यूएसबी २.० च्या जुन्या तारांवरून आपण येथे आहोत आणि आपले काम झालेले नाही असे लॅपटॉपला कळवावे. या सोयीचे नाव बिलबोर्ड, म्हणजे रस्त्याकडेचा मोठा फलक. नाव फार बोलके आहे. पण ॲडाप्टरने फलक उभारला, तरी तो माणसाला दाखवणे लॅपटॉपच्या प्रणालीच्या हाती राहते. विंडोज १० पासून एक सूचना कोपऱ्यात येते, की डिस्प्लेपोर्टची जोडणी मर्यादित असू शकते. ती वाचून शाळेतल्या कोणाला काय कळावे? कोणाची मर्यादा? लॅपटॉपची, केबलची की ॲडाप्टरची? दुसरे काही आणायचे तर काय आणायचे? फलक उभा आहे, पण त्यावरचा मजकूर गावकऱ्यांच्या भाषेत नाही.

लिनक्स प्रणालीत परिस्थिती जरा बरी आहे. तेथे २०१७ पासून या जोडणीची माहिती साध्या मजकुराच्या फायलींत उघडी ठेवण्याची सोय झाली. समोरचे यंत्र कोण, देणारा कोण, यजमान कोण, हे अनेक यंत्रांवर जाणकाराला वाचता येते. म्हणजे माहिती यंत्रात असते, हे सिद्ध आहे. ती सामान्य माणसासमोर मांडण्याची निकड मात्र कोणाला वाटलेली नाही.

नावांनी या शांततेत भरच घातली. २००८ साली यूएसबी ३.० म्हणून आलेल्या ५ गिगाबिटच्या वेगाला पुढे ‘३.१ जेन १’ म्हणायचे ठरले, आणि नंतर ‘३.२ जेन १’. वेग तोच, नावे तीन. २०२१-२२ मध्ये शहाणपण सुचून वॅट आणि गिगाबिट थेट आकड्यांत सांगणारी चिन्हे आली, हे चांगले झाले. पण ती चिन्हे तपासणी करून घेतलेल्या मालावरच येतात, आणि वॅट व गिगाबिट यांतून चित्राची सोय आहे की नाही हे कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला आयफोन १५ पाहा. त्याच्या खाचेतून माहिती जुन्या यूएसबी २.० च्याच गतीने जाते, तरी चित्र मात्र जाते. वेगावरून चित्राचा अंदाज बांधणाराही येथे फसेल.

कायद्यानेही अर्धाच पल्ला गाठला आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन, टॅब्लेट, कॅमेरा यांना यूएसबी-सी सक्तीची झाली, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. भारतीय मानक ब्यूरोनेही जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सी जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध केले. तेव्हा हा विषय परका राहिलेला नाही. पण युरोपचा निर्देश चार्जिंगपुरता आहे. त्याने आकार आणि विजेचा करार एक केला. चित्राविषयी तो काही बोलत नाही. आकार एक झाल्याने लोकांची अपेक्षा वाढली, आणि नकार मात्र अदृश्यच राहिला.

आमचे मागणे

मागणे मोठे नाही. खाचेतून चित्र जाते की नाही याची खूण खाचेशेजारी असावी. बोलणी फिसकटली तर पडद्यावर साध्या भाषेत, मराठीतही, तीन वाक्ये यावीत: काय जमले, काय जमले नाही, आणि कोणाकडून. ‘वीज मिळत आहे. चित्र जात नाही. या लॅपटॉपच्या या खाचेत चित्राची सोय नाही.’ एवढे कळले तर ॲडाप्टर फेकला जाणार नाही, आणि बाईंच्या माथी दोष येणार नाही. ही तीन वाक्ये तयार करायला लागणारी बरीचशी माहिती चिपजवळ बोलणी संपताक्षणी हजर असते.

तोवर शाळेने काय करावे? खरेदीच्या कागदावर नुसते ‘यूएसबी-सी’ लिहू नये. ‘यूएसबी-सीतून डिस्प्लेपोर्ट पर्यायी रीतीने चित्र जाणारा’ असे लिहावे. एचडीएमआय टोकाचा ॲडाप्टर असला तरी असेच लिहावे, कारण २०१६ मध्ये जाहीर झालेली एचडीएमआयची स्वतंत्र पर्यायी रीत बाजारात रुजलीच नाही. या ॲडाप्टरपैकी पुष्कळ आतून डिस्प्लेपोर्टच घेतात आणि त्याचे एचडीएमआय करून देतात. प्रत्येक केबलीला क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि भिंतीवर एक तक्ता टांगावा: या केबलीने चार्ज झाले का, फाइल गेली का, चित्र गेले का. चित्र येत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी केबल, मग खाच, मग लॅपटॉप. प्लग उलटा केल्यावर चालत असेल तर एका बाजूच्या पिनांत किंवा सांधेबदलात दोष असण्याचा संभव धरावा. हा तक्ता मुलांनीच भरला तर फार उत्तम. एका वेळी एकच घटक बदलून पाहणे ही प्रयोगाची पहिली शिस्त आहे, आणि येथे ती खऱ्या कामाला येते.

वर्गात ही बोलणी नाटुकल्यासारखीही करता येतील. दोन मुले, एक लॅपटॉप, एक पडदा. प्रत्येकाच्या हातात आपला तक्ता लिहिलेली चिठ्ठी, दुसऱ्याची पाहायची नाही. ‘तू कोण? तुला काय येते?’ असे विचारत जायचे. एका चिठ्ठीत मुद्दाम ‘भूमिका बदलू नकोस’ असे लिहून ठेवावे. दोन शहाणी मुले नियमाने वागूनही कशी ठप्प होतात, हे बाकीचा वर्ग पाहील. मग वर्गाला विचारावे: चूक कोणाची? आणि ती कोणी सांगायला हवी होती? दुसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर मुले देतील, तेच या मानकावरचे आमचेही मत आहे.